काचेच्या काठावरचा ताण

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा लागतं. हळद, केळी आणि उसाचा हा पट्टा. इथल्या घरांत भिंतीवरचा सपाट टीव्ही आता नवलाचा राहिलेला नाही आणि तो बिघडतो कसा, तेही लोकांना पाठ झालं आहे. आवाज नीट येतो, चित्रही दिसतं, पण वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ उमटते. ‘लाईन आली’ हे निदान घरचेच करतात. दुरुस्तीवाला येतो आणि चौकटीच्या काठावर अंगठा दाबून पाहतो. पुष्कळदा रेघ नाहीशी होते आणि अंगठा उचलताच परत येते. मग तो सांगतो की पॅनेल गेलं. पॅनेलचा भाव ऐकला की घरात नव्या टीव्हीचीच बोलणी सुरू होतात.

अंगठ्याच्या दाबाला जी रेघ दाद देते, तिचं मूळ चित्राच्या भागात नसतं. ते असतं काचेच्या काठावर, जिथे चिप आणि तिची फिल्म चिकटवलेली असते. पॅनेल बनवणाऱ्या अभियंत्यांनी गेल्या काही दशकांत या काठावरचा यांत्रिक ताण काचेला सोसावा म्हणून काय काय केलं, त्यातलं काय साधलं आणि काय निसटलं, ते इथे पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. हा ताण कोणी संपवलेला नाही. प्रत्येक पिढीनं तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवला. हे करताना चित्राची काळजी पुरेपूर घेतली गेली, दुरुस्त करणाऱ्या हाताची मात्र घेतली गेली नाही.

आधी काठावर नेमकं काय असतं ते पाहू. एलसीडी पॅनेल म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामधली तीन-चार मायक्रॉनची फट. या फटीत द्रवस्फटिक भरलेला असतो. मागच्या काचेवर सूक्ष्म ट्रान्झिस्टरांची जाळी असते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० ठिपके आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे ५७६० उभ्या तारा झाल्या. आडव्या तारा १०८०. यातली प्रत्येक तार कुठल्या तरी चिपच्या एका पायाला जोडलेली असावीच लागते. एका चिपला ९६० वाहिन्या धरल्या तर उभ्या तारांसाठी सहा चिप लागतात, फोर-के पडद्याला बारा. या जोडण्यांना जागा मिळावी म्हणून मागची काच पुढच्या काचेपेक्षा थोडी मोठी ठेवतात आणि तिचा काठ बाहेर डोकावतो. चिप किंवा तिची फिल्म बसते ती याच ओट्यावर. म्हणजे बाकी सगळीकडे काच दुहेरी आहे आणि जिथे सर्वाधिक जोर पडतो तिथे ती एकेरी आहे. शिवाय काच तुटते ती सूक्ष्म चिरांपासून, हे ग्रिफिथनं १९२१ मध्ये दाखवून दिलं आहे, आणि काठावर अशा चिरा असतातच. नाजूकपणाची सगळी कारणं अशी या एका पट्टीत एकवटली आहेत.

जोडणी डाखाची नसते. तारांमधलं अंतर इतकं कमी असतं की डाख एका तारेवरून शेजारच्या तारेवर पसरेल. म्हणून एसीएफ नावाची चिकटफीत वापरतात. ती असते इपॉक्सीची, आणि तिच्यात तीन ते पाच मायक्रॉनचे प्लास्टिकचे गोळे विखुरलेले असतात. त्यांच्यावर निकेल आणि सोन्याचा पातळ मुलामा असतो. वरून तापलेला ठोकळा काही सेकंद दाबला की चिपचे सोन्याचे उंचवटे आणि काचेवरच्या पट्ट्या यांच्यामध्ये काही गोळे चेपून अडकतात. वीज त्यांच्यातून वरून खाली जाते. बाजूच्या तारेकडे मात्र ती जात नाही, कारण आडव्या दिशेनं गोळे एकमेकांना टेकलेले नसतात. इपॉक्सी घट्ट होते आणि चेपलेले गोळे तसेच चेपलेले धरून ठेवते. या जोडाचं सारं आयुष्य त्या चेपलेपणावर उभं आहे. इपॉक्सी किंचित सैल झाली, गोळा पुन्हा फुगला आणि त्याचा पट्टीशी असलेला संबंध सुटला की एक तार मेली. पडद्यावर ती उभी रेघ होऊन दिसते. दुरुस्तीवाल्याचा अंगठा तो गोळा तेवढ्यापुरता पुन्हा चेपतो.

आता ताण कुठून येतो ते बघू. सुरुवातीला फोनच्या आणि लहान पडद्यांच्या बाबतीत चिप थेट काचेवरच बसवत, आजही साध्या फोनमध्ये बसवतात. सिलिकॉनची ही चिप वीस-तीस मिलिमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. सिलिकॉन तापलं की दर अंशाला दशलक्षात २.६ भाग पसरतं, एलसीडीची काच सुमारे ३.२ भाग. आकडे जवळचे आहेत, मग भांडण कशाचं, असं कोणालाही वाटेल. भांडण तापमानाचं आहे. ठोकळा वरून दाबतो, त्यामुळे चिप दोनशे अंशांच्या आसपास जाते आणि खालची काच समजा ऐंशी अंशांवरच राहते. इपॉक्सी याच अवस्थेत घट्ट होते आणि दोघांना एकमेकांशी बांधून टाकते. त्यानंतर दोन्ही पंचवीस अंशांवर येतात. पंचवीस मिलिमीटरची चिप या प्रवासात ११ मायक्रॉनहून थोडी अधिक आखडायला बघते, तिच्याखालची तेवढीच काच साडेचार मायक्रॉन. फरक सात मायक्रॉनचा. काच ज्या द्रवस्फटिकाच्या फटीवर पहारा देते, ती फटच मुळी तीन-चार मायक्रॉनची आहे!

चिकटलेली चिप मोकळेपणी आखडू शकत नाही, म्हणून ती काचेला ओढते आणि काच वाकते. वेगवेगळ्या प्रमाणात आखडणारे दोन थर जोडले की ते किती वाकतात याचं गणित टिमोशेन्कोनं १९२५ मध्ये मांडलं. घरच्या इस्त्रीतली तापमान राखणारी दोन धातूंची पट्टी याच नियमानं वाकते. त्याआधी १९०९ मध्ये स्टोनीनं धातूच्या मुलाम्यामुळे खालची पट्टी किती वाकते यावरून मुलाम्यातला ताण मोजण्याचं सूत्र दिलं होतं. पॅनेलच्या अभियंत्याला या दोन जुन्या सूत्रांमधून आजही पहिला अंदाज मिळतो. त्यांतून निघणारी गोष्ट फार उपयोगाची आहे. काच पातळ केली की वाक झपाट्यानं वाढतो, आणि तेवढ्याच काचेवर चिप पातळ केली की तो उतरतो. फोन हलके करण्यासाठी पॅनेलची काच आम्लानं झिजवून ०.२ मिलिमीटरपर्यंत आणली गेली, तेव्हा चिपही सोबत घासून पातळ करावी लागली, ती याच कारणानं.

नुसता वाक असता तर तो चौकटीत झाकता आला असता. पण ताणलेली काच प्रकाशाशी वेगळं वागते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रूस्टरनं दाखवलं की ताणाखालची काच प्रकाशाचं ध्रुवण बदलते. एलसीडीचा तर सगळा व्यवहारच ध्रुवणावर चालतो. मागच्या पोलरायझरनं एका दिशेचा प्रकाश सोडायचा, द्रवस्फटिकानं तो फिरवायचा किंवा तसाच राहू द्यायचा, पुढच्या पोलरायझरनं त्याला अडवायचं किंवा सोडायचं. या साखळीत काचेनं मध्येच आपल्या मनानं ध्रुवण थोडंसं वळवलं, तर काळ्या पडद्यावर तेवढ्या जागी उजेड झिरपतो. रात्रीच्या अंधारातलं दृश्य बघताना चिपच्या बाजूच्या काठाशी जो धुरकट उजळ डाग दिसतो, त्याला या धंद्यात ‘मुरा’ म्हणतात. शब्द जपानी आहे. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये हा दोष विशेष जाणवतो. तिथे काळा रंग अचूक येण्यासाठी काचेनं ध्रुवणात अजिबात ढवळाढवळ करता कामा नये. ताण चिपलाही सोडत नाही. सिलिकॉन ताणलं की त्याचा विद्युतरोध बदलतो, हे १९५४ पासून माहीत आहे. एकाच चिपच्या टोकाचे आणि मधले ॲम्प्लिफायर वेगवेगळे ताणले गेले, तर त्यांचा आउटपुटही किंचित वेगळा येतो आणि पडद्यावर फिकट उभे पट्टे उमटू शकतात.

यावरचे उपाय एकेक करून सुचत गेले. कमी तापमानाला घट्ट होणारी इपॉक्सी आली. खालून काचही तापवायची म्हणजे दोघांच्या तापमानातली दरी कमी होते, हे लक्षात आलं. चिपच्या एका कडेला पाय दाट आणि दुसऱ्या कडेला विरळ असतील तर दाब असमान पडतो, म्हणून विजेशी काही संबंध नसलेले, नुसते आधारासाठीचे उंचवटे चिपच्या पोटाखाली घालू लागले. चिपच्या टोकांशी ताण सर्वाधिक असतो, तर तिथे महत्त्वाच्या तारा ठेवायच्या नाहीत. आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे चित्राचा भाग चिपपासून दूर ठेवायचा. अंतर वाढलं की ताण विरत जातो. माझ्या मते हा उपाय सगळ्यांत प्रामाणिक होता. बाजारानं नेमका तोच मोडून काढला. गिऱ्हाइकाला बिनकाठाचा पडदा हवा, असं कंपन्यांनी ठरवलं. मिलिमीटर-मिलिमीटरनं चौकट बारीक होत गेली आणि ताण विरायला जी मोकळी पट्टी होती ती संपली.

मग चिप काचेवरून उचलली आणि फिल्मवर नेली. याला सीओएफ म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात ‘टॅब’ हा जुना शब्दही चालतो. पॉलिइमाइडची सुमारे ३८ मायक्रॉन जाडीची फिल्म, तिच्यावर तांब्याच्या तारा आणि मधोमध चिप. फिल्मची एक कड काचेला, दुसरी कड सर्किट बोर्डाला. चिप आता काचेला शिवतच नाही, त्यामुळे तिच्याखालचा वाकही गेला आणि धुरकट डागही. आजचे बहुतेक टीव्ही असेच असतात. पण ताण गेला कुठे? तो फिल्मच्या दोन कडांवर गेला. पॉलिइमाइड दर अंशाला दशलक्षात पंधरा-वीस भाग पसरतं, म्हणजे काचेच्या पाचपट. चाळीस मिलिमीटर रुंदीची फिल्म चिकटवताना शंभर अंशांनी तापली तर ती साठ मायक्रॉनहून जास्त पसरते, म्हणजे प्रत्येक टोकाला तीस. तेवढ्या रुंदीत ९६० तारा बसवल्या तर दोन तारांमधलं अंतर चाळीस मायक्रॉन येतं. टोकाची तार शेजारणीच्या अंगावर जाऊन पडायची ही वेळ! यावरचा तोडगा मला फार आवडतो. फिल्मवरचा नकाशा मुळातच थोडा आखडता छापायचा, म्हणजे तापून पसरली की ती बरोबर काचेवरच्या पट्ट्यांवर बसेल. पुढे पट्ट्या उभ्या न ठेवता पंख्यासारख्या तिरक्या ठेवण्याची युक्ती निघाली. फिल्म अंदाजापेक्षा कमीअधिक पसरली तर तिला थोडं पुढे किंवा मागे सरकवायचं, की तिरकेपणामुळे सगळ्या तारा पुन्हा जुळतात. पसरणं रोखण्यापेक्षा त्याला वाट करून देणारी ही रचना आहे आणि मला तर तीच या क्षेत्रातली सर्वांत शहाणी वाटते.

दुसरी कड बोर्डाची. बोर्ड पत्र्याला स्क्रूनं घट्ट बांधलेला, काच प्लास्टिकच्या चौकटीत, दोघांच्या मधोमध फिल्म. पत्रा, प्लास्टिक आणि काच प्रत्येकी आपापल्या प्रमाणात हलतात आणि सगळी ओढाताण फिल्मच्या जोडावर येते. चांगली रचना बोर्डाला थोडं सरकू देते आणि फिल्मला सैल वळण देते. खर्च वाचवण्यासाठी हे वळण आवळलं की सगळा भार गोळ्यांवर येतो. वाहतुकीतले हिसकेही याच जोडाला सोसावे लागतात. भारतात टीव्हीची जुळणी मोठ्या प्रमाणावर होते, पण तयार फिल्म लावलेली काच बाहेरून येते. तिला ‘ओपन सेल’ म्हणतात. कारखान्यात तिच्यामागे प्रकाशाचा भाग आणि पुढे चौकट बसते. काच उचलताना फिल्म लोंबकळली किंवा कामगाराच्या हाताला अडकली, तर ती तेव्हा तुटत नाही, जोड फक्त सैल होतो. टीव्ही दुकानात उत्तम चालतो आणि पुढे कधीतरी भिंतीवर रेघ उतरते.

महाराष्ट्राचं या धंद्याशी नातं जुनं आहे. औरंगाबादच्या व्हिडिओकॉननं रंगीत टीव्ही घराघरांत नेले आणि २००५ मध्ये थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसायही विकत घेतला. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पिक्चर ट्यूबच्या काचेवर चिप नव्हती. तिच्यावर ताण होता तो बाहेरच्या हवेच्या दाबाचा, आणि तो पेलण्यासाठी जाड काच आणि तिच्याभोवती आवळलेला लोखंडी पट्टा होता. सर्किट वेगळ्या बोर्डावर असायचं आणि तालुक्याचा मेकॅनिक ते डाख देऊन जिवंत करायचा. सपाट पॅनेलची काच इथे घडवायची, या हेतूनं वेदांत समूहानं २०१६ च्या सुमारास महाराष्ट्र सरकारशी बोलणी केली, नागपूरजवळच्या बुटीबोरीचं नावही पुढे आलं. तो कारखाना उभा राहिला नाही. मला यात हुकलेल्या गुंतवणुकीपेक्षा जास्त खंत वेगळीच वाटते. जिथे काच घडते, तिथेच तिचे ताण मोजणारे हात तयार होतात. पुण्यात पदार्थांवर काम करणारं सी-मेट आहे, आयआयटी मुंबईत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे, ज्ञान आहे. पण रोज हजारो काचांवर फिल्म चिकटवून, चुकून, पुन्हा मोजून जे शिकता येतं, त्याला शाळा लागते ती कारखान्याचीच.

काचेला काहीतरी चिकटवायचं आणि तरी तिला त्रास होऊ द्यायचा नाही, या प्रश्नाचं जगातलं सर्वांत काटेकोर उत्तर हिंगोली जिल्ह्यातच येऊ घातलं आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू आणि त्यांच्या टोकांना आरसे, अशी तिची रचना. लायगोचा हा मुख्य आरसा म्हणजे सिलिका काचेची चाळीस किलोची चकती. ती टांगलेली असते त्याच काचेच्या, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक तंतूंवर. तंतू बांधायला आरशाच्या बाजूला काचेचे छोटे ‘कान’ लावतात. हे कान इपॉक्सीनं चिकटवत नाहीत. अल्कधर्मी द्रावणानं दोन घासून सपाट केलेल्या काचांचे पृष्ठभाग रासायनिक रीतीनं एकमेकांत विणले जातात आणि मधे उरतो तो अतिशय पातळ थर. तंतू कानाला लेझरनं वितळवून जोडतात. तिथे एक मोठा शत्रू आहे उष्णतेमुळे होणारी सूक्ष्म थरथर आणि चिकटपदार्थ ती वाढवतो. म्हणून एकच पदार्थ दोन्ही बाजूंना आणि गोंद जवळजवळ शून्य. पहिल्या पिढीच्या लायगोत आरसा हलवण्यासाठी त्याला छोटी चुंबकं गोंदानं चिकटवलेली होती. नंतरच्या पिढीत मुख्य आरशावरून ती काढूनच टाकली आणि समोरच्या वेगळ्या काचेवरून विद्युतक्षेत्रानं ढकलण्याची सोय केली. चिकटवलेली वस्तू त्रास देते, तर चिकटवूच नये.

पॅनेलवाले याच निष्कर्षाला आपल्या वाटेनं पोहोचले. आडव्या तारांसाठी पूर्वी काचेच्या बाजूंना वेगळ्या चिप असत. त्या काढून टाकल्या आणि ते काम काचेवरच्याच ट्रान्झिस्टरांकडून करून घेतलं. याला ‘गेट ऑन ॲरे’ म्हणतात. बाजूच्या काठावर आता चिकटवलेलं काहीच नाही, त्यामुळे तिथला ताणही नाही आणि चौकटही बारीक झाली. उभ्या तारांबाबत हे सोपं नाही. तिथे वेग आणि अचूकता जास्त लागते आणि काचेवरचे साधे ट्रान्झिस्टर तिथे कमी पडतात. मग तारांची मांडणी बदलून उभ्या तारा निम्म्या किंवा एक-तृतीयांश करायच्या आणि आडव्या तेवढ्या पटीनं वाढवायच्या, असा मार्ग निघाला. चिप कमी, जोड कमी, बिघाडाच्या जागा कमी. तरीही या उपायाची एक बाजू क्वचितच बोलली जाते. वेगळी चिप बदलता येत होती. काचेत ओतलेलं सर्किट बिघडलं तर काचच फेकायची.

वळणाऱ्या ओएलईडी पडद्यात हीच गोष्ट आणखी पुढे गेली आहे. तिथे काचेऐवजी पॉलिइमाइडचा पातळ थर असतो आणि चिप थेट त्याच्यावर बसते. प्लास्टिक मऊ. ठोकळ्यानं दाबलं की चिपचे सोन्याचे उंचवटे त्यात रुततात आणि वरचे ठिसूळ अकार्बनी थर तडकू शकतात. म्हणून चिपच्या खाली मऊ गोंदाचा थर ठेवायचा नाही, पाठीला कडक आधार द्यायचा आणि दाब मोजून-मापून टाकायचा. त्यानंतर चिपसह हा सगळा काठ पडद्याच्या पाठीमागे दुमडतात. काही फोनचा पडदा अगदी खालच्या कडेपर्यंत पोहोचलेला दिसतो तो यामुळेच. वाकवण्याचं गणित सरळ आहे: पृष्ठभागावरचा ताण म्हणजे जाडीचा अर्धा भाग भागिले वाकाची त्रिज्या. वीस मायक्रॉनची फिल्म ०.३ मिलिमीटरच्या त्रिज्येत दुमडली तर वरच्या बाजूची धातूची तार तीन टक्क्यांहून अधिक ताणली जाते. काचेसारखे ठिसूळ थर एका टक्क्याच्या आसपासच तडकतात. म्हणून दुमडीच्या जागेवरून ते थर खरवडून काढतात, तारांना साखळीसारखी भोकं आणि नागमोडी वळणं देतात आणि वरून राळेचा एक थर चढवतात. राळ चढली की जाडीचा मध्य वर सरकतो आणि तार बरोबर त्या मध्यावर येते, जिथे ती ना ताणली जाते ना दाबली जाते. विज्ञान म्हणून हे फार देखणं आहे. पण फोनच्या दुकानातला माणूस या दुमडीपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून तिथे दुरुस्ती नाही, आख्खा ‘फोल्डर’, म्हणजे सगळा पडदाच, बदलायचा.

डोंगरकड्याला चिपच्या ताणाचं आणखी एक रूप दिसतं आणि ते सगळ्यांत मोठं आहे: यात्रा, लग्न आणि निवडणुकीच्या सभेत उभी राहणारी एलईडी वॉल. इथे काचेच्या काठावर सहा-बारा चिप नसतात, सगळा पडदाच चिपचा असतो. ३२ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच मॉड्यूल, ठिपक्यांमधलं अंतर अडीच मिलिमीटर असेल तर एका मॉड्यूलवर १२८ गुणिले ६४, म्हणजे ८१९२ एलईडी, प्रत्येक डाखानं बोर्डावर बसवलेला. मॉड्यूलच्या पाठीला प्लास्टिकची चौकट, चौकट कॅबिनेटवर, कॅबिनेट टेम्पोत. मे महिन्याच्या दुपारी मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काळा बोर्ड उन्हात त्याहून किती तरी जास्त तापतो. रात्रीच्या तुलनेत तो चाळीस अंशांनी तापला असं धरलं, तर ३२ सेंटिमीटरचा बोर्ड सुमारे ०.२ मिलिमीटर वाढतो आणि तेवढीच ॲल्युमिनियमची पट्टी ०.३. प्लास्टिकची चौकट याच्या कितीतरी पुढे जाते. बोर्ड धनुष्यासारखा वाकतो, डाखाचे जोड रोज थोडे-थोडे थकतात. दर चक्रात जोड किती ताणला जातो, त्यावर तो किती चक्रं टिकेल हे ठरतं, हे कॉफिन आणि मॅन्सन यांनी १९५० च्या दशकात सूत्रात मांडलं. ताण निम्मा केला तर आयुष्य दुपटीहून बरंच जास्त वाढतं. म्हणून प्लास्टिकला बोर्डाशी सगळीकडे आवळायचं नाही, एका स्क्रूला घट्ट आणि बाकीच्यांना लांबट भोक द्यायचं, ही साधी गोष्ट महागड्या गोंदापेक्षा जास्त काम करते.

वॉलचे कोपऱ्यावरचे एलईडी उतरवताना-चढवताना झडतात. त्यासाठी बोर्डावर पारदर्शक राळ ओतण्याची पद्धत आली. धक्क्यापासून ती वाचवते यात शंका नाही. पण राळ आणि बोर्ड यांचं प्रसरण वेगळं, म्हणून उन्हात राळ स्वतःच बोर्डाला ओढू लागते. शिवाय राळेखाली मेलेला एक ठिपका बदलायचा तर राळ कोरून काढावी लागते. राळ नसेल तर एलईडी बदलायला हॉट एअर गन आणि बरा हात पुरतो. म्हणूनच आज गावोगावी दुरुस्त होत असलेला मोठा पडदा कुठला असेल, तर तो हाच. यापुढची पायरी मायक्रो-एलईडीची. सोनीनं २०१२ मध्ये सुमारे साठ लाख सूक्ष्म एलईडींचा पडदा दाखवला, सॅमसंगनं २०१८ मध्ये ‘द वॉल’. फोर-के पडद्याला असे जवळजवळ अडीच कोटी एलईडी लागतात. त्यातला प्रत्येक आकारानं इतका लहान असतो की प्रसरणाचा फरक त्याला फारसा जाचत नाही, कारण ताण जोडाच्या लांबीवर अवलंबून असतो. चिप लहान करत नेली की तिचा ताण आपोआप कमी होतो, ही या वाटेची मोठी जमेची बाजू. अडचण संख्येची आहे.

चाचण्यांकडेही बघायला हवं. पॅनेल ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत शेकडो तास ठेवून तपासतात, उणे चाळीसपासून अधिक ८५ पर्यंत पुन्हा पुन्हा तापवतात आणि थंड करतात. या परीक्षा कठीण आहेत आणि उपयोगाच्याही. पण त्यांत पॅनेल एकटं असतं. भिंतीवर त्याच्याबरोबर पत्रा, चौकट, स्क्रू आणि घर असतं. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दुपारी तापलेला टीव्ही, वीज गेली म्हणून बंद झालेला, परत आल्यावर पुन्हा तापलेला, असं दिवसातून अनेकदा होतं. पावसाळ्यात जोडाच्या सैल झालेल्या फटीत दमट हवा शिरते. आणखी एक घरगुती कारण आहे, ते टाळणं सोपं आहे: काच पुसताना थेट तिच्यावर पाणी किंवा द्रव फवारणं. बऱ्याच टीव्हींच्या फिल्म खालच्या काठाला असतात, थेंब ओघळून तिथेच जमतो आणि तांबं गंजतं. फडकं ओलं करावं, काच नाही.

राहता राहिली दुरुस्ती. सैल झालेली फिल्म काढून नवी चिकटफीत लावून पुन्हा दाबणारी बाँडिंग मशीनं असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्या जुळवायच्या, तापलेला ठोकळा दाबायचा. कौशल्याचं काम आहे आणि ते आपल्याकडची माणसं शिकली आहेत. पण मशीन मोठ्या गावात, टीव्ही डोंगरकड्यात, आणि नेण्या-आणण्यात काच फुटायची भीती. त्याहून मोठा अडथळा सुट्या फिल्मचा आहे. प्रत्येक मॉडेलची फिल्म वेगळी आणि कंपनी ती सुटी विकत नाही. म्हणून जुन्या फुटक्या पॅनेलवरून ती काढून वापरावी लागते. तोपर्यंत तात्पुरता इलाज म्हणून चौकटीत रबराचा किंवा फोमचा तुकडा खुपसून अंगठ्याचा दाब कायमचा केला जातो. हा जुगाड कधी महिने टिकतो, कधी एकेरी काचेलाच चीर पाडतो. रचनाकारांनी त्या जागी सुरुवातीपासूनच एक मऊ, सारख्या दाबाची पट्टी दिली असती तर हे काम चौकटीनंच केलं असतं. काही पॅनेलमध्ये ती असतेही.

केंद्र सरकारनं २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं आणि वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचा निर्देशांक ठरवण्याची चर्चाही पुढे सरकली. अशा निर्देशांकात पॅनेलसाठी तीन गोष्टी नावानिशी याव्यात, असं मला वाटतं. काठावरची फिल्म सुटी मिळते का आणि किती वर्षं मिळेल? तिची चिकटफीत काचेला इजा न होता काढता येते का? आणि चौकट उघडल्यावर तो काठ मशीनच्या ठोकळ्याखाली येऊ शकतो, की पॅनेल मोडल्याशिवाय तिथे पोहोचताच येत नाही? यातलं पहिलं कंपनीच्या इच्छेवर आहे, दुसरं रसायनाचं आहे. तिसरं मात्र पहिल्या नकाशाच्या दिवशीच ठरतं, ड्रॉइंगवर चौकटीची एक रेघ इकडे की तिकडे ओढली यावर.